उलटा हात

गेले नऊ महिने मी वस्तऱ्याने दाढी करतोय. सलूनमधला, अर्धं ब्लेड अडकवायचा तो वस्तरा नव्हे. खराखुरा, दगडावर धार लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि मिटला की मुठीत लपणारा. घरात आता सगळ्यांना सवय झालीय. सुरुवातीला आई रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी येऊन "ठीक आहे ना रे सगळं?" असं विचारून जायची. ही म्हणाली, या वयात लोक बुलेट घेतात, तू हे घेतलंस, स्वस्तात सुटलो आपण. आणि ताईने फोनवर खो-खो हसत विचारलं, "आता काय, धोकटी घेऊन पाराखाली बसणार का?"

ताई, तू वाचत असशीलच. तुझ्या त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण आधी वस्तऱ्याकडे.

तर झालं असं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी अधूनमधून रविवारी चक्कर मारतो. काही घ्यायचं नसतं. कुलपं नसलेल्या किल्ल्या, काटे नसलेली घड्याळं, कुणाच्या तरी लग्नातला फ्रेम केलेला फोटो, असं सगळं बघत फिरायला मला आवडतं. तिथे एका चादरीवर, पाने आणि पक्कडींच्या ढिगात, तपकिरी मुठीचा एक वस्तरा पडला होता. विकणाऱ्याने पाचशे सांगितले, "अँटिक आहे साहेब." तीनशेला दिला. कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली सेल्युलॉइडची मूठ, एका बाजूला तडा गेलेली. पात्याच्या मागच्या भागावर काळ्या गंजाखाली अक्षरं होती. घरी येऊन तेल लावून पुसलं तेव्हा वाचता आली. झोलिंगेन. मेड इन जर्मनी.

या 'मेड इन जर्मनी'ची गोष्ट मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकात सुऱ्या-कात्र्या-वस्तऱ्यांची राजधानी म्हणजे इंग्लंडमधलं शेफील्ड. कोलोनजवळच्या झोलिंगेनचे कारागीर स्वस्तातला माल करायचे, आणि त्यातले काही त्याच्यावर शेफील्डचा छाप मारून विकायचे. शेफील्डवाले वैतागले, ओरडा झाला, आणि १८८७ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला की परदेशी मालावर तो कुठून आला ते लिहिलंच पाहिजे. हेतू हा की लोकांनी 'जर्मनी' वाचून नाक मुरडावं. झालं उलटंच. दोन-तीन दशकांत तोच शिक्का चांगल्या मालाची खूण होऊन बसला. म्हणजे माझ्या वस्तऱ्यावर जे मोठ्या दिमाखात कोरलंय ते मुळात बदनामीसाठी होतं.

आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. मायकेल फॅरडे, तोच विजेचा फॅरडे, १८२० च्या सुमाराला लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाच्या हत्यारं बनवणाऱ्याबरोबर पोलादावर प्रयोग करत होता. त्यांना उकलायचं होतं आपल्याकडचं, दक्षिण हिंदुस्थानातलं 'वूट्झ' पोलाद. ते इतकं चांगलं का, आणि तसं इंग्लंडात करता येईल का? त्या प्रयोगांतून झालेल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले होते. लोहाराचा मुलगा तो, त्याला हे सुचणारच.

असो. जुना वस्तरा घेताना काय बघायचं हे मला आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे म्हणून लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. गंज पाठीकडे असेल तर चालतो. धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील तर वस्तरा सोडून द्यायचा, कारण दगडावर कितीही घासा, एक खड्डा गेला की मागचा धारेवर येतो. पातं उजेडासमोर धरून तडे बघायचे. मिटताना पातं मुठीच्या बरोबर मधे बसतं का ते बघायचं. आणि आणल्या आणल्या साफ करून नीट निर्जंतुक करायचा. याबाबतीत हयगय नको. कावीळ ब आणि क चे विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातात. शिवाय एका घरात एक वस्तरा एकानेच वापरायचा.

माझ्या वस्तऱ्याचा गंज सगळा पाठीकडे होता. बारीक पॉलिश पेपर, मग पितळेची भांडी चमकवायचं पॉलिश, असं करत दोन रविवार गेले. मधे आईने त्याच पॉलिशने देवाची समई घासून घेतली.

मग धार.

हा भाग मला वाटला त्यापेक्षा कितीतरी सोपा निघाला आणि कितीतरी अवघडही. सोपा अशासाठी की वस्तरा ज्याने कोणी पहिल्यांदा घडवला त्याने अर्धं काम करून ठेवलंय. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, आणि कोन आपोआप मिळतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. पाठ हीच पट्टी. वर्षानुवर्षं दगडावर पातं झिजतं तशी पाठही झिजते, त्यामुळे कोन फारसा बदलत नाही. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, जणू दगडाचा पापुद्रा काढायचाय. टोकाला पोचलं की पाठीवरच पालटायचं, धारेवर कधीच नाही, आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. पट्ट्यावर नेमकं उलट, पाठ पुढे आणि धार मागून फरपटत. दगड बारीक होत जातात. एक हजार नंबरवर धारेचा मूळ उतार बसवायचा, मग तीन हजार, आठ हजार, आणि शेवटी बारा हजार. बारा हजारचा दगड हाताला आरशासारखा गुळगुळीत लागतो, हा काय घासणार असं वाटतं. पण त्यावर पाणी टाकून वस्तरा फिरवला की पाण्यात राखाडी रेघ दिसते. ते पोलाद. चांगली धार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते. आपला केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन.

दाब किती द्यायचा? शब्दांत सांगता येत नाही. हजारच्या दगडावर एका बोटाचं वजन, आणि शेवटच्या दगडावर वस्तऱ्याचं स्वतःचंच. मी रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर टॉवेल घालून बसायचो. टीव्हीवर हिची मालिका आणि माझं स्वयंपाकघरात 'सर्र... सर्र...' एका रात्री शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे काही सुतारकाम चाललंय का.

एक युक्ती फार कामाला आली. धारेच्या कडेला काळ्या मार्करने रेघ ओढायची आणि दगडावर एकदोनदा फिरवून बघायचं. शाई जिथे पुसली गेली तिथे दगड लागतोय, जिथे राहिली तिथे नाही. माझ्या वस्तऱ्याची दोन्ही टोकाकडची शाई राहायची, मुठीजवळची आणि पुढची. मधलं पातं हातावरचे केस सहज उडवायचं, टोकांना लोणीही कापलं नसतं. दगड तपासला. सपाट होता. तीन आठवडे हेच चाललं होतं, आणि यूट्यूबवरचा टेक्ससमधला दाढीवाला माणूस (दाढीवाला! दाढी करायला शिकवणारा!) त्याच्या सरळसोट वस्तऱ्यावर दाखवत होता ते इथे लागू पडत नव्हतं.

मग मला काका आठवले.

आमच्या जुन्या वाड्याजवळ एक केशकर्तनालय होतं. आता तिथे काचेचं दार आणि एसी असलेलं 'मेन्स सलून' आहे, काकांचा मुलगा चालवतो. माझ्या लहानपणी तिथे दोन लाकडी खुर्च्या होत्या. आम्हा पोरांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून वर बसवायचे. भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, समोर आरसा, मागे आरसा, आणि त्यांत एकामागे एक असे माझेच अगणित कान. सेना महाराजांचा फोटो अजून आहे, एसीच्या खाली. (त्यांचं एक पद शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबातही आहे, हे मला काकांनीच सांगितलं होतं.) काका आता अठ्ठ्याहत्तरचे. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पेपर वाचतात. लहानपणी मला अरे-तुरे करायचे, आता अहो-जाहो करतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

वस्तरा त्यांच्या हातात दिला तेव्हा ते पहिलं काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला, पातं डोळ्याजवळ नेलं, खिडकीकडे धरलं.

"याचं पोट सुटलंय," म्हणाले.

"म्हणजे?"

"आवो, धार सरळ कुठंय? बघा, मधी पुढं आलीय. कुणीतरी लई वर्षं वापरलाय. दगड सपाट असतो, वस्तरा नसतो. हात फिरवायचा." आणि त्यांनी रिकाम्या टेबलाच्या कडेवर, दगड नसतानाच, मनगट फिरवून दाखवलं. मुठीपासून सुरुवात, मग मनगट किंचित वळत वळत पातं पुढे सरकतं आणि टोकावर येऊन थांबतं. एका घासात सगळी धार दगडाला एकेकदा भेटते. हात कापत होते त्यांचे, चहाचा कप धरतानाही कापतात. त्या दोन सेकंदांत मात्र कापले नाहीत.

त्या रात्री सगळी शाई पुसली गेली.

नंतर मी दर आठ-दहा दिवसांनी जायला लागलो. पट्ट्याचं त्यांनीच शिकवलं. पट्टा दोरीसारखा ताणून धरायचा, सैल पडला की धार गोल होते. आधी कापडावर वीस-पंचवीस, मग चामड्यावर पन्नास. घाई करायची नाही, वेग आपोआप येतो. ते स्वतः शेवटचे दहा-बारा हात तळहातावर मारायचे. ते काही मी शिकणार नाही. पट्टा का लागतो तेही समजून घेतलं. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असूनही धार कशी जाते, यावर एमआयटीच्या लोकांनी २०२० साली 'सायन्स'मध्ये लेख लिहिला होता. त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ब्लेडने केस कापून बघितले. धार फक्त झिजत नाही, केस वाकून ठराविक कोनात आला की धारेचा बारीकसा टवका उडतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणून तर दाढी आधी भिजवायची. त्यात काय लिहायचंय?"

आता दाढी. पहिल्या दिवशी फक्त उजव्या कानाखालचा गाल, दोन बोटं रुंद. बाकीचं नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या दिवशी डावा गाल, डाव्या हाताने. डाव्या हाताला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जबाबदारीचं काम मिळालं होतं. हनुवटीपर्यंत यायला तीन आठवडे लागले आणि ओठाच्या वरची जागा सगळ्यात शेवटी. पात्याची पाठ कातडीपासून थोडीच उचललेली, तीस अंशांच्या आत. मोकळ्या हाताने कातडी ताणायची. खरं कौशल्य त्या ताणणाऱ्या हातात आहे, वस्तऱ्याच्या हातात नाही. आणि आवाज! पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, कागदाइतकं पातळ, त्यामुळे ते खुंटांवरून जाताना वाजतं. कोरड्या पानावर पाऊस पडावा तसं काहीसं. धार कमी झाली की आधी आवाज बदलतो, मग ओढ लागते.

पंचवीस मिनिटं लागतात. किंग जिलेटने १९०३ साली पहिल्यांदा त्याचे सेफ्टी रेझर विकायला काढले तेव्हा वर्षभरात फक्त एक्कावन्न खपले म्हणे. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारनेच ते रेझर दिले आणि ते घेऊन लाखो माणसं घरी परतली. वस्तऱ्याचे दिवस तिथेच भरले. माझी तक्रार नाही. घाईच्या दिवशी मीही तोच वापरतो.

आता ताईचा प्रश्न.

ती थट्टेत म्हणाली. पण आमच्या घरात हे वाक्य जुनं आहे. अभ्यास केला नाही की आजोबा म्हणायचे, धोकटी घेऊन पारावर बस. ते कुणाच्या पोटाचं साधन होतं, हे त्या वाक्यात कुठे येत नव्हतं. मी हे एकदा काकांच्या मुलासमोर बोललो. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. माझं येणं त्याला सुरुवातीपासून फारसं आवडत नव्हतं, पण चहा सांगायचा. त्या दिवशी तो गिऱ्हाइकाचे केस विंचरता विंचरता आरशातूनच म्हणाला, "दादा, राग मानू नका. तुमची ही हौस आहे. आमच्या आजोबाला हे घेऊन रोज पहाटे घरोघर जावं लागायचं. बोलावलं की जायचं. ओसरीच्या खाली बसायचं. सुगीला पायली-दोन पायली धान्य टाकायचे पोत्यात, तेही तोंड बघून. अण्णांनी तो पट्टा खुंटीवरून काढला त्या दिवशी मी पेढे वाटले असते."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

काका मात्र आतून सगळं ऐकत होते. मी आत गेलो तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्याचं खरं आहे. पण सगळं नाय सांगितलं त्यानं." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं की त्यांचे वडील गावात सगळ्यांची हजामत करायचे, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्यांची करायचे नाहीत. ती माणसं दाढी-केसांसाठी बाजाराच्या दिवशी तालुक्याला चालत जायची. "का, म्हणून मी विचारलं होतं लहानपणी. बाप म्हणाला, त्यांची केली तर गाव आपल्याला बोलवायचं बंद करील. भ्यायचा बिचारा. पण नाय केली ती नायच केली ना." काका १९६७ साली पुण्याला आले, एका दुकानात कामाला राहिले. "इथं खुर्चीत बसला की गिऱ्हाईक. पहिल्या दिवशी सात जणांची केली. कोण कुठला, कुणी विचारलं नाय, मीबी नाय. रात्री झोप नाय आली मला."

घरी आल्यावर मी आमचा जुना अल्बम काढला. त्यात पणजीचा एक फोटो आहे. आमच्या घरातल्या सगळ्यांनी तो पाहिलेला आहे आणि त्याबद्दल कधी कुणी बोलत नाही. लाल आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, आणि पदराच्या कडेला केस असायला हवेत तिथे काही नाही. सव्विसाव्या वर्षी विधवा झाली, १९३१ साली. आजी सांगायची, न्हावी मागच्या दाराने यायचा, विहिरीजवळ. पणजी कापलेल्या केसांकडे बघायची नाही आणि न्हावी पणजीकडे.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८९० साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिकांची सभा झाली होती. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. लोखंडे म्हणजे फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, 'दीनबंधू'चे संपादक. शाळेत आपण केशवपनाविरुद्ध लिहिणाऱ्या सुधारकांबद्दल शिकलो. ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता, ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांनी तो खाली ठेवला, हे मला पस्तिशीनंतर कळलं. आमच्या घराच्या मागच्या दारापर्यंत मात्र ती बातमी चाळीस वर्षांतही पोचली नाही. पोचली असेल तरी दार उघडणारे आमचेच होते.

ताई, म्हणून मी त्या दिवशी फोनवर हसलो नाही. तुझ्यावर रागावलो नव्हतो. तो फोटो तूही पाहिलायस.

हे सगळं कळल्यावर वस्तरा ठेवून द्यावासा वाटला का? दोन दिवस वाटलं. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा काढला. मला तो आवडतो, त्याला मी काय करू? त्याचं काय ओझं आहे ते आता ठाऊक आहे, आणि तरी सकाळी तो गालावर वाजतो तेव्हा बरं वाटतं. दोन्ही खरं आहे.

दिवाळीच्या आधी गेलो तेव्हा काकांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढायला लावली. तिच्यात जुन्या पंचात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा वस्तरा होता. काळी मूठ, पातं दगडावर जाऊन जाऊन बोटभर उरलेलं. पुण्यात आल्यावर दुसऱ्या वर्षी घेतला होता. नव्वदच्या दशकात एड्सची भीती सगळीकडे झाली, गिऱ्हाईक समोर नवं ब्लेड फोडून लावायला सांगू लागलं, आणि काकांनी हा पंचात बांधला. "बरोबरच होतं ते," म्हणाले, "पण हात रिकामा वाटायचा."

मुलगा दाराशी आला. "अण्णा, हे अजून आहे तुमच्याकडे?" त्याला ठाऊक नव्हतं.

"यांना देतोय. धार लावून आणतील."

दहा रात्री लागल्या. पातं इतकं झिजलेलं की पाठ जवळजवळ पेन्सिलीच्या शिसासारखी, आणि पोट माझ्या वस्तऱ्यापेक्षाही जास्त. पण पोलाद काय होतं! आठ हजारच्या दगडावरच ते कातडीला असं लागायला लागलं की आणखी बारीक करायची भीती वाटावी. घेऊन गेलो. काकांनी नखावर टेकवून पाहिला, दंडावरचे चार केस उडवले. मान हलवली. मग खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगितली आणि गळ्याभोवती स्वतःच पंचा बांधला.

"करा."

मी नको नको म्हणत होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची कातडी, सैल, सुरकुत्यांची. शिवाय मी आजवर फक्त माझीच केलेली, आरशात बघून. समोरच्याची करताना सगळं उलटं होतं. "धार बघायचीय ना? मग तोंडावरच कळंल. माझा हात आता चालत नाय, न्हाईतर मीच केली असती."

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बाहेर एक गिऱ्हाईक फोनवर बोलत होतं. मी साबण घोळवला, दोनदा फेस केला, गरम पाण्याचा टॉवेल ठेवला. कानाजवळ कातडी वर ओढून धरली आणि पहिला हात मारला. काकांनी डोळे मिटले होते. आवाज आला. हनुवटीखाली आलो तेव्हा त्यांनी न सांगता मान मागे टाकली आणि ओठ आत ओढून घेतले. हजारो गिऱ्हाइकांना त्यांनी शिकवलेलं असेल ते. गळ्याशी माझा हात थांबला. मुलगा पुढे आला, मला वाटलं वस्तरा काढून घेणार. त्याने दोन बोटांनी काकांच्या गळ्याची कातडी खाली ताणून धरली.

"आता घ्या," म्हणाला.

रक्ताचा एक थेंब नाही. तुरटी फिरवली, टॉवेलने पुसलं. काकांनी गालावरून हात खाली फिरवला, मग हनुवटीपासून वर. तिथे अडकला.

"उलटा हात मारू का काका?" मी विचारलं.

"नको. आज एवढंच." आणि मुलाकडे बघून, "पट्टा बदलायला सांग यांना. तो मऊ पडलाय. म्हशीचं चामडं घ्या म्हणावं, गाईचं नको."

"ते समोरच बसलेत की अण्णा," मुलगा म्हणाला आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

चामडं अजून मिळालेलं नाही. भवानी पेठेत एकाने बुधवारी यायला सांगितलंय.